गोठ्यातला बोर्ड आणि मधले ७० मीटर

आप्पांचा फोन आला तेव्हा मागे कडबाकुट्टी ऐकू येत होती. कडबा कापल्याचा खटखटाट नव्हता, मोटर नुसती गुरगुरत होती. "ऐकतोयस ना? फिरतच नाही बघ. हाताने चाक ढकललं की मग घेते." मी आधी बटण बंद करायला लावलं. अशी अडकलेली मोटर मिनिटा-दोन मिनिटांत जळते, आणि कडबाकुट्टीचं चाक हाताने ढकलणाऱ्याची बोटं जातात ती वेगळीच. मग विचारलं, वायर कुठली टाकलीय? "दीडची. तांब्याची, चांगल्यातली." आणि घरापासून गोठा किती लांब? आप्पा पावलं मोजून आले. साधारण ७० मीटर.

वायरमनने तोवर कपॅसिटर बदलून पाहिला होता. ते बरोबरच होतं, कारण कपॅसिटर कमजोर झाला की सिंगल फेज मोटर अशीच गुरगुरते. पण फरक पडला नाही. दुखणं मोटरमध्ये नव्हतंच, ते मधल्या ७० मीटरांत होतं.

घरातला पॉइंट मेन बोर्डापासून फार तर १०-१५ मीटरवर असतो. तिथे वायर निवडताना एकच बघायचं: तेवढा करंट ती न तापता नेईल का? दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ११ अँपिअर नेते, आणि आप्पांची दोन एचपीची मोटर चालू असताना साधारण तेवढेच घेते. म्हणजे वायरमन घरातल्या हिशेबाने चुकला नव्हता. पण घराबाहेर पडलं की आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते, ती म्हणजे अंतर. वायर न तापता करंट नेईल, पण पलीकडे पोचेपर्यंत व्होल्टेज किती उरेल?

स्प्रिंकलरची लाइन टाकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बारीक पाइपने लांबवर पाणी नेलं की शेवटचा नोझल नुसता थुंकतो. पंप तोच, विहीर तीच, प्रेशर मधल्या पाइपात घासून संपलेलं असतं. आणि गंमत म्हणजे सगळे नोझल बंद करून शेवटाला प्रेशर मोजलं तर ते पूर्ण भरतं. पाणी वाहतच नसेल तर घासणार काय?

पुढच्या रविवारी मी मल्टिमीटर घेऊन गेलो तेव्हा नेमकं हेच झालं. घरात २२६ व्होल्ट, गोठ्यातल्या बोर्डावरही २२६. आप्पा म्हणाले, "बघ, कुठे कमी आहे?" टेस्टर लख्ख पेटत होता, बल्बही लागत होता. मग कडबाकुट्टी सुरू केली. आकडा १८० च्या खाली डोकावला, मोटर कशीबशी फिरल्यावर २०८ वर येऊन थांबला, आणि शेजारचा बल्ब पिवळा पडला. रिकाम्या बोर्डावर टेस्टर लावून 'लाइट बरोबर आहे' म्हणणं म्हणजे नोझल बंद ठेवून प्रेशर मोजणं. लोड चालू असतानाच मोजायचं.

हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढा आहे. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून ७० मीटर अंतर म्हणजे १४० मीटर तांबं. चालून कोमट झालेल्या एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या एका मीटरचा रोध अंदाजे ०.०२ ओहम धरा. १४० गुणिले ०.०२ म्हणजे २.८, आणि त्याला वायरच्या जाडीने भागायचं. दीडची वायर असेल तर सुमारे १.९ ओहम, अडीचची १.१, चारची ०.७, सहाची ०.४७. याला करंटने गुणलं की वाटेत खर्च होणारे व्होल्ट मिळतात. ११ अँपिअरला दीडच्या वायरीत २० च्या आसपास, अडीचमध्ये १२, चारमध्ये ८ आणि सहामध्ये जेमतेम ५. मोटरच्या बाबतीत प्रत्यक्षातली घट याहून थोडी कमी भरते, पण अंदाजाला हे पुरतं. वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२ दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर लोडसाठी ५ टक्के घट चालवून घेतं. २३० व्होल्टचे ५ टक्के म्हणजे साडेअकरा व्होल्ट. दीडची वायर यात बसत नाही, अडीचची काठावर बाहेर राहते.

पण खरी गोची चालू असलेल्या मोटरची नसते, सुरू होणाऱ्या मोटरची असते. जागची हलताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. आप्पांच्या मोटरीने ५० च्या आसपास अँपिअर मागितले की दीडच्या वायरीत इतकं व्होल्टेज खर्च होतं की मोटरीच्या टर्मिनलवर १७५ च्या आसपासच व्होल्ट उरतात. बरं, मोटरीचा जोर व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात होतो. व्होल्टेज तीन-चतुर्थांश झालं की जोर निम्म्याच्या जरा वर. त्यात संध्याकाळी सातला, गावभर दिवे आणि टीव्ही लागलेले असताना घरातच २१० व्होल्ट येतात. मग तो निम्म्याच्याही खाली. म्हणून आप्पांची कुट्टी सकाळी कधीकधी चालायची आणि संध्याकाळी हटकून अडायची. यावर 'तिच्यात काहीतरी ढिलं आहे' असा निष्कर्ष घरात काढून झाला होता.

म्हणून ६०-७० मीटरवर मोटर चालवायची असेल तर मी सहा स्क्वेअर एमएम तांब्याची तीन कोअरची केबल सांगतो: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. चारनेही कायद्यापुरतं भागतं, पण केबल एकदाच पुरायची असते आणि गोठ्यात उद्या दूध काढायचं मशीन येणारच असतं. तांबं महाग वाटत असेल तर ॲल्युमिनियम चालतं. त्याचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट, म्हणून सहाच्या तांब्याऐवजी दहाचं ॲल्युमिनियम घ्यायचं. आमच्याकडे त्याला 'जर्मन' म्हणतात आणि नाक मुरडतात. खरं तर दोष धातूपेक्षा जोडाचा असतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, जोड ढिला होऊन तापतो, आणि तांब्याशी सरळ पिळा मारला तर ओलीत तो जोड कुजतोच. तांबं-ॲल्युमिनियम जोडासाठी असतात ते थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या टोप्या, वापरून नीट प्रेस केलं तर ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं चालतं.

इथे वायरमन हमखास अडतो: एवढी जाड वायर १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसत नाही. मग काही जण चार तारा कापून बाकीच्या बसवतात! तसं करू देऊ नका. जाड केबल गोठ्यातल्या छोट्या डीबीपर्यंत, म्हणजे ब्रेकरच्या डब्यापर्यंत, आणायची आणि तिथून सॉकेटपर्यंतच्या दोन-चार मीटरला अडीच किंवा चारची वायर घ्यायची.

जाड वायरीचं दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, पण मला ते पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. घरातल्या १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणाऱ्या ब्रेकरला, ७० मीटरवर काय चाललंय ते दिसत नाही, त्याला फक्त करंट कळतो. मोटरसाठी वापरतात तो सी-टाइप एमसीबी पाच ते दहा पट करंटला तत्काळ पडतो. म्हणजे खात्रीने पडायला १६० अँपिअर हवेत. आता गोठ्यात फेज-न्यूट्रल शॉर्ट झालं असं समजा. दीडच्या वायरीचे १.९ ओहम, त्यात डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंतच्या लाइनचा अर्धा ओहम धरला तर करंट भरतो शंभराच्याही आत. एमसीबी पडेल, पण कदाचित लगेच नाही. काही सेकंद घेईल, आणि तेवढ्यात दीडच्या वायरीचं इन्सुलेशन मऊ होऊन जातं. वर कडब्याची गंज असेल तर पुढचं सांगायला नको. सहाची केबल असेल तर तोच करंट सव्वादोनशेच्या पुढे जातो आणि एमसीबी खाडकन पडतो. पातळ आणि लांब वायर बिघाड लपवते, हे ध्यानात ठेवा.

हे झालं फेज-न्यूट्रल शॉर्टचं. फेज मशीनच्या लोखंडाला लागली तर?

त्याच रविवारी काकू सहज म्हणाल्या, की धाकटी म्हैस आठवडाभर हौदाच्या नळाला तोंड लावत नाही. बादलीने दिलं की पिते, नळाशी नेली की मान झटकून मागे सरते. आप्पा म्हणाले, दाढ दुखत असेल. मी मल्टिमीटरची एक वायर नळाच्या जीआय पाइपला आणि दुसरी ओल्या कोब्याला टेकवली. १४ व्होल्ट. आंब्याच्या फांद्यांवरून आणलेली ती वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती. पत्र्यातून अँगलला, अँगलमधून पाइपला थोडा थोडा करंट उतरत होता. आपण चप्पल घालून फिरतो, आपल्याला काही जाणवत नाही. जनावराचे चारही खूर ओल्या शेणमुतात, आणि ओलं तोंड लोखंडाला. त्यात पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर मोठं, म्हणजे जमिनीतून जाणारा करंटही छातीतून वाट काढतो. गोठ्यात माणसाला नुसता झटका बसतो तिथे म्हैस मरते, ते यामुळे.

मग अर्थिंग कुठे होतं? नव्हतंच. वायर दोनच तारांची होती आणि थ्री-पिनची वरची जाड पिन रिकामी. पण 'अर्थिंग केलं की सुटलो' हाही भ्रमच. समजा गोठ्याशेजारी चांगला खड्डा घेतला, रोध १० ओहम आला, आणि डीपीकडचा ५ ओहम धरला. मशीनच्या बॉडीला फेज लागली तर २३० भागिले १५, म्हणजे साधारण १५ अँपिअर मातीत जाणार. एमसीबी आहे १६ चा. तो हलणारसुद्धा नाही! दिवसभर १५ अँपिअर जमिनीत मुरत राहतील, मीटर पळत राहील आणि मशीनच्या लोखंडावर दीडशे व्होल्ट उभे राहतील. एमसीबी वायरीची राखण करतो. माणसाची आणि जनावराची राखण करायला आरसीसीबी लागतो.

आरसीसीबीचं काम दारावरच्या मोजणीसारखं आहे. फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला हे तो सतत ताडून बघतो. ३० मिलीअँपिअरएवढा फरक पडला, म्हणजे तेवढा कुणाच्या तरी अंगातून, पत्र्यातून किंवा मातीतून निसटला, की ०.३ सेकंदाच्या आत तो लाइन तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून लवकर. आणि अर्थिंगचा रोध १०० ओहम असला तरी ३० मिलीअँपिअरला बॉडीवर तीनच व्होल्ट चढतात. कोकणात जांभ्यावर कितीही खणलं तरी अर्थिंग मनासारखं येत नाही, तिथे तर याच्यावाचून पर्याय नाही. मात्र तो लोड जास्त झाला म्हणून पडत नाही, ते काम एमसीबीचं. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर त्याला तुम्ही आणि बल्ब सारखेच.

तो बसवायचा कुठे? घरातल्याच आरसीसीबीवर गोठ्याची लाइन टाकली तर पावसाळ्यात गोठ्यात जरा ओल आली की घरचा फ्रिज बंद. गोठ्याची लाइन मेन स्विचनंतर वेगळी काढावी. घराकडे एमसीबीबरोबर १०० मिलीअँपिअरचा, मुद्दाम उशिरा पडणारा आरसीसीबी, तो पुरलेल्या केबलसाठी. आणि गोठ्यातल्या डब्यात ३० चा, शेजारी १६ चा एमसीबी. म्हणजे पहाटे पाचला धार काढताना लाइन गेली तर चिखलातून घरापर्यंत यावं लागत नाही. हा डबा प्लॅस्टिकचाच घ्या. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया लोखंड तर खातोच, पितळी टर्मिनलही हिरवी करतो.

एक तक्रार मी किती वेळा ऐकली असेल: "तो आरसीसीबी सारखा पडायचा, म्हणून वायरमनने काढून टाकला." दहातल्या सात-आठ वेळा कारण एकच निघतं, न्यूट्रलची सरमिसळ. फेज नव्या आरसीसीबीतून नेलेली आणि न्यूट्रल मात्र जुन्या काळ्या वायरींच्या झुबक्यात गाठलेली. परत येणारा करंट दुसऱ्याच वाटेने गेला की मोजणी चुकणारच. ज्या आरसीसीबीतून फेज गेली त्याच्यातूनच तिची न्यूट्रल परत यायला हवी, पलीकडे ती कुठेही कशालाही जोडलेली नको. दुसरं कारण आपल्याकडचं जुनं खूळ: न्यूट्रल नसेल तर बल्बची दुसरी वायर अर्थिंगच्या रॉडला. बल्ब लागतो, पण मधेच रॉडची तार तुटली तर तुटलेल्या टोकाला हात लावणारा माणूस न्यूट्रल होतो. आरसीसीबी असलं काही चालू देत नाही, आणि म्हणूनच त्याला शिव्या बसतात.

आता चर. आप्पांना वायर पुन्हा आंब्यावरूनच न्यायची होती, फक्त जाड. झाड वाऱ्याने हलतं, उसाची ट्रॉली वरून घासते, पहिल्या वळवात फांदी पडते. पुरलेली आर्मर्ड केबल बरी. आयएस १२५५ प्रमाणे खोली ७५ सेंटिमीटर, वाहनांची वाट ओलांडताना एक मीटर. ही खोली उगाच नाही. नांगर, कुदळ आणि दहा वर्षांनी नळाची पाइप पुरायला येणारा माणूस, या तिघांना चुकवायचं असतं. तळाला बोटभर वाळू, वर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांची आडवी रांग, निम्मी माती लोटल्यावर धोक्याची लाल पट्टी. काळ्या मातीत वाळू टाळू नका. उन्हाळ्यात ती फाटते, पावसात फुगते आणि केबल ओढते. ठिबकच्या काळ्या पाइपात साधी घरातली वायर ओवून पुरण्याची पद्धत सर्रास आहे, पण पाइपात घामासारखं पाणी साचतं आणि ती वायर पाण्यात राहण्यासाठी बनवलेली नसते. घुशीलाही तो पाइप एका रात्रीचं काम. आर्मर्ड केबलवरच्या पोलादी पट्ट्या घुशीला आणि कुदळीला दोघींनाही पुरून उरतात, फक्त त्या पट्ट्या ग्लँड (डब्याच्या तोंडाशी केबल घट्ट धरणारं कडं) लावून अर्थिंगला जोडल्या पाहिजेत. चर बुजवण्याआधी भिंतीपासूनची मापं दिसतील असे फोटो काढून ठेवा. आम्ही केबलवर टेप ठेवून काढले, ते आप्पांच्या मोबाइलमध्ये नातवाच्या बारशाच्या फोटोंमध्ये आहेत, पण आहेत.

अर्थिंगचा खड्डा गोठ्याच्या पायापासून दीड मीटर तरी लांब, त्यात ४० मिलिमीटरचा अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. मार्च-एप्रिलमध्ये बादलीभर पाणी ओतायचं विसरतात. लिंबाच्या किंवा केळीच्या आळ्याजवळ खड्डा घेतला की ते काम आपोआप होतं.

सॉकेटवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात आणि तिथेच फसतात. झाकणावर आयपी ५५ किंवा ६५ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पण तो झाकण लावलेलं असताना! प्लग खोचला की साध्या डब्याचं झाकण अर्धवट उघडंच राहतं. मांडववाल्यांकडे असतात ते निळे गोल इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या, प्लग खोचलेला असतानाही ते पाणी रोखतात. पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून सॉकेट पूर्वेच्या भिंतीवर, वळचणीखाली, छातीच्या उंचीवर. वायर डब्यात नेहमी खालून घालायची. वरून घातली की तिच्या अंगाने पाणी थेट आत ओघळतं.

एवढं वाचून कुणी पक्कड घेऊन उठू नये. चर खणणं, वाळू-विटा आणणं, केबल निवडून घेणं, आणि वायरमन जोडत असताना शेजारी उभं राहून न्यूट्रल कुठे जाते ते विचारणं, एवढं आपलं. जोडणी आणि शेवटची तपासणी लायसन्स असलेल्या ठेकेदाराच्या माणसाची. नियमही तोच आहे. घराचा मंजूर लोड एकाच किलोवॅटचा असेल तर मोटर जोडायच्या आधी महावितरणकडे तो वाढवून घ्यावा लागतो. आणि घरगुती मीटरवरून गोठ्याशेजारी दूध संकलनाचा धंदा चालू केला तर तो दर वेगळा, हेही आधीच विचारून घ्यावं.

आप्पांचं काम दोन रविवारांत झालं. आता कुट्टी चालू असताना गोठ्यात घरापेक्षा चारच व्होल्ट कमी भरतात, बल्ब क्षणभर मिचकतो आणि सावरतो. नळाच्या पाइपवर मीटर शून्य दाखवतो, तरी म्हैस आणखी चार-पाच दिवस लांबूनच हुंगत होती.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. आतली यंत्रणा जाम झाली नाही ना, हे बघायला ते महिन्यातून एकदा दाबायचं. खट् करून पडला तर ठीक, नाही पडला तर त्याच दिवशी बदलायचा. आप्पांना तारीख लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही ते डेअरीच्या बिलाशी बांधलंय. महिन्याचं पहिलं बिल हातात पडलं की ते आधी गोठ्यात जातात, बटण दाबतात, आणि अंधारातून काकूंचा आवाज येतो, "अहो, धार काढतेय ना मी!"